बफर भरला की कोणी थांबायचं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की जुन्नर-आंबेगावातून ठरावीक प्रश्न यायला लागतात. ‘आमचा ड्रायव्हर चार मिनिटं नीट चालतो, मग आकडे गळायला लागतात.’ ‘फाइल वाचली की दोनशेपैकी पहिल्या काही सेन्सरचेच आकडे दिसतात.’ ‘कधी कधी अख्खं मशीनच गोठतं, आणि चूक भलत्याच ड्रायव्हरमध्ये दाखवतं.’ विचारणारे अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकीत शिकणारे असोत, नाहीतर नारायणगावच्या टोमॅटोच्या शेतासाठी ठिबकचा कंट्रोलर बनवणारे असोत, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. कर्नेलमधून बाहेर जाणारा डेटा बफरमध्ये मावला नाही, तर काय करायचं?

बहुतेक जण बफर दुप्पट करतात आणि पुढच्या कामाला लागतात. चार दिवसांनी तोच प्रश्न परत येतो. बफर कधी ना कधी भरणारच, हे धरून चाला. भरल्यावर नुकसान कोणी सोसायचं, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा. डिंभे धरण भरल्यावर सांडवा कुठे काढायचा याची बैठक कोणी घेत नाही; तो बांधकामाच्या नकाशातच असतो.

(फंक्शनांची नावं इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत. लिनक्सच्या सोर्समध्ये ती लगेच सापडतील.)

आधी दोन दुखणी वेगळी करा

‘ओव्हरफ्लो’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली म्हणजे हद्दीबाहेर लिहिणं. तुम्ही 4096 बाइट मागून घेतल्या आणि 4100 लिहिल्या. साध्या प्रोग्रॅममध्ये असं झालं तर बहुतेक वेळा फटका त्या प्रोग्रॅमपुरताच बसतो आणि बाकीचं मशीन चालू राहतं. कर्नेलमध्ये अडवणारं वर कोणी नाही. त्या जास्तीच्या चार बाइट शेजारच्या दुसऱ्याच कुणाच्या डेटावर जातात आणि मशीन कोलमडतं ते दहा मिनिटांनी, तुमच्या कोडशी संबंध नसलेल्या ठिकाणी. ही नेहमीच चूक असते. इथे पर्याय निवडायचा प्रश्न येत नाही.

दुसरी म्हणजे बफर भरून जाणं. लिहिणारा वेगात आहे, वाचणारा मागे पडला आहे. ही चूक नव्हे, रोजची घटना आहे. इथे तुम्हाला धोरण ठरवावं लागतं.

ओळखायची सोपी खूण: मशीन गोठत असेल किंवा भलतीकडेच बोट दाखवत असेल तर पहिलं दुखणं शोधा, मशीन ठणठणीत आहे पण आकडे गायब आहेत, तर दुसरं.

आकाश थांबत नाही

दुसऱ्या दुखण्याचा सगळ्यात मोठा नमुना तुमच्या तालुक्यातच उभा आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यातल्या 14 मध्यभागी जवळजवळ आहेत आणि 16 तीन दिशांना इंग्रजी वायसारख्या पसरल्या आहेत. दुर्बिणीचं नूतनीकरण झाल्यावर एका वेळी 400 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा टिपता येतो. आता कागद-पेन घ्या. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा नीट टिपायचा तर सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्याला एक बाइट धरली आणि प्रत्येक अँटेनाचे दोन असे 60 सिग्नल धरले, तर सेकंदाला 48 अब्ज बाइट होतात, म्हणजे 48 जीबी. 64 जीबी मेमरीचं एखादं मशीन पुढे ठेवलं, तर ते दीड सेकंदाच्या आत भरेल. म्हणून तिथे हे काम अनेक मशीनमध्ये वाटलेलं असतं आणि एफपीजीए, ग्राफिक्स कार्डं व साधे प्रोसेसर मिळून ते करतात.

पण मशीनं कितीही जोडली, तरी एक गोष्ट बदलत नाही. आकाशातून येणाऱ्या सिग्नलला ‘जरा थांब, डिस्क मोकळी होऊ दे’ असं सांगता येत नाही. लिहिणारा थांबणारच नसेल, तर उशीर झाल्यावर काहीतरी सोडावंच लागतं. मग प्रश्न उरतो तो काय सोडलं याची नोंद राहते का, एवढाच.

ही नोंद का महत्त्वाची? समजा पल्सारचं निरीक्षण चालू आहे आणि मधला एक तुकडा हरवला. हरवलेली जागा रिकामी म्हणून खूण करून ठेवली, तर बाकीचा डेटा कामाचा राहतो. पण पुढचा तुकडा मागच्याला चिकटवून टाकला, तर त्यानंतरची प्रत्येक वेळ चुकते आणि सेकंदाच्या अगदी छोट्या भागांवर मांडलेलं गणित वाया जातं. तुमच्या मातीतल्या ओलाव्याच्या आलेखालाही हेच लागू आहे. खाडा दिसणारा आलेख वापरता येतो. खाडा लपवणारा आलेख खोटं सांगतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पर्याय तीनच

- लिहिणाऱ्याला थांबवा. लिहिणारा एखादा प्रोग्रॅम असेल आणि एकही बाइट गमावायची नसेल (प्रिंटर, सिरियल पोर्ट, फाइल), तर त्याला जागा होईपर्यंत झोपवा. त्याने ‘थांबणार नाही’ असं आधीच सांगून फाइल उघडली असेल, तर ‘ई-अगेन’ परत द्या. इंटरप्ट हँडलरमध्ये हा पर्याय नाही, कारण तिथे झोपता येत नाही.
- नवं टाकून द्या. आधी आलेलं जपायचं असेल तेव्हा हा घ्या. बिघाडाची सुरुवात कशी झाली ते शोधायचं असेल, तर पहिल्या नोंदी सोन्याच्या असतात.
- जुनं पुसून नवं लिहा. ताजी स्थिती महत्त्वाची असेल तेव्हा. कर्नेलचा स्वतःचा संदेशांचा बफर असाच चालतो.

शेवटच्या दोन्ही पर्यायांत दोन गोष्टी न विसरता करा. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्या आणि किती नोंदी गळल्या याचा आकडा वाचणाऱ्याला दिसेल अशा जागी ठेवा. कर्नेल स्वतः हे कसं करतो ते पाहण्यासारखं आहे. ‘देव-केमेसेज’ ही फाइल वाचणारा मागे पडला आणि त्याच्या पुढच्या नोंदी पुसल्या गेल्या, तर त्याला गुपचूप पुढची नोंद मिळत नाही. आधी ‘ई-पाइप’ ही चूक मिळते आणि त्यानंतरच्या वाचनात शिल्लक असलेली सगळ्यात जुनी नोंद येते. ‘एफट्रेस’च्या रिंग बफरमध्येही ‘ओव्हरराइट’ चालू-बंद करता येतं आणि किती नोंदींवर पाणी पडलं ते प्रत्येक सीपीयूच्या ‘स्टॅट्स’ फाइलमध्ये दिसतं. परीक्षक विचारतील तेव्हा दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

बफर किती मोठा हवा?

अंदाजाने आकडा टाकू नका. गणित दोन ओळींचं आहे. सेन्सर सेकंदाला 1000 नोंदी देतो आणि एक नोंद 16 बाइटची आहे, तर सेकंदाला 16,000 बाइट येतात. डेटा एसडी कार्डावर जातो आणि कार्ड अधूनमधून अर्धा सेकंद अडकतं असं तुम्ही मोजलं आहे, तर त्या वेळात 8000 बाइट साठतील. दुप्पट सोय ठेवा, म्हणजे 16,000. ‘के-फिफो’ला दोनाचा घात लागतो म्हणून 16,384.

आता तोच सेन्सर सिरियल केबलने 1,15,200 बॉडवर जोडा. एका बाइटमागे सुरू-शेवटचे धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला फक्त 11,520 बाइट बाहेर पडतात. येतात 16,000. दर सेकंदाला 4480 बाइट साठत राहणार. 16,384 बाइटचा बफर पावणेचार सेकंदांत भरेल. तो वाढवून 1 एमबी केलात, तरी चार मिनिटांच्या आत भरेलच. ‘चार मिनिटं नीट चालतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. सरासरी आवक जावकीपेक्षा जास्त असेल, तर जगातला कुठलाही बफर पुरणार नाही. बॉड वाढवा, नोंद 16 वरून 10 बाइटवर आणा, नाहीतर सेकंदाला 1000 नोंदी खरंच लागतात का ते स्वतःला विचारा. मातीच्या ओलाव्याला नक्कीच लागत नाहीत.

कुठल्या कामाला कोणतं साधन

एकच आकडा दाखवायचा असेल तर सिसएफएस. इथे कर्नेल तुम्हाला एक पान देतो. बहुतेक मशीनवर ते 4096 बाइटचं असतं. नियम असा की एका फाइलीत एकच मूल्य. दोनशे सेन्सरच्या ओळी, प्रत्येकी 22 बाइट, एकाच फाइलीत कोंबल्या तर 4400 बाइट होतात आणि तुम्ही हद्द ओलांडता. लिहायला ‘स्प्रिंटएफ’ वापरू नका. त्याला बफर किती मोठा आहे हे माहीतच नसतं. 5.10 आवृत्तीपासून ‘सिसएफएस-एमिट’ आलं आहे. ते पानाबाहेर जात नाही.

हे नुसतं शिस्तीचं बोलणं नाही. मार्च 2021 मध्ये आयस्कझीच्या कोडमधली एक त्रुटी उघड झाली; तिचा क्रमांक सीव्हीई-2021-27365. तिथे साठवलेली माहिती सिसएफएसच्या पानात ‘स्प्रिंटएफ’ने लिहिली जात होती, आणि ती माहिती एका पानापेक्षा लांब ठेवायची सोय दुसऱ्या वाटेने उपलब्ध होती. लांब मजकूर आधी आत ठेवायचा, मग फाइल वाचायची, की शेजारची मेमरी बिघडली. साधा वापरकर्ता या वाटेने रूट होऊ शकत होता. कोड 2006 पासून तसाच होता. दुरुस्तीत मजकुराच्या लांबीवर मर्यादा घातली आणि ‘स्प्रिंटएफ’च्या जागी ‘सिसएफएस-एमिट’ आणलं.

लांब यादी दाखवायची असेल तर सीक-फाइल. दोनशे सेन्सरांचं घर इथे आहे. एका वेळी एक नोंद छापायचं फंक्शन तुम्ही लिहायचं. बफर सांभाळणं सीक-फाइलकडे. नोंद मावली नाही तर ती हातातला बफर सोडून देते, दुप्पट मोठा घेते आणि तुमचं फंक्शन पुन्हा बोलावते. हा ‘पुन्हा’ ध्यानात ठेवा. छापता छापता मोजणी शून्य करणारं किंवा रांगेतून नोंद काढून टाकणारं फंक्शन तुम्ही लिहिलंत, तर दुसऱ्या फेरीत ती माहिती उरलेली नसते. छापणाऱ्या फंक्शनने फक्त छापावं.

दुप्पट करण्यालाही हद्द हवी, हे जुलै 2021 मध्ये ‘सिक्वोया’ने दाखवलं. क्वालिसच्या संशोधकांनी शोधलेली ही त्रुटी, क्रमांक सीव्हीई-2021-33909. एकमेकांत घुसवलेले लाखो फोल्डर करून पाथची लांबी 1 जीबीच्या पुढे नेली, की सीक-फाइलचा बफर वाढत वाढत 2 जीबीवर जायचा. तो आकार पुढे साध्या ‘इंट’मध्ये घातला जायचा आणि तिथे तो ऋण व्हायचा. परिणाम, बफरच्या बऱ्याच मागे लिहिलं जाणं. दुरुस्ती अगदी छोटी होती, बफरच्या कमाल आकारावर मर्यादा. तुमच्या कोडमध्ये लांबी साठवायला ‘इंट’ वापरला असेल, तर आजच तो ‘साइझ-टी’ करा.

सतत येणारा डेटा असेल तर के-फिफो. एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल, तर लॉक लागत नाही. दोन खाचखळगे आहेत. बाइटांचा फिफो केलात आणि जागा 10 बाइटची उरली असेल, तर तुमच्या 16 बाइटच्या नोंदीतल्या 10 बाइटच आत जातात आणि पुढची प्रत्येक नोंद सरकते. म्हणून फिफो तुमच्या स्ट्रक्चरचाच करा. तो एकतर पूर्ण नोंद घेतो, नाहीतर शून्य परत देतो. दुसरं म्हणजे ‘जुनं पुसून नवं’ हे धोरण असेल, तर जुनी नोंद काढणं हे वाचणाऱ्याचं काम लिहिणारा करत असतो. त्या क्षणी ‘लॉक लागत नाही’ हा नियम संपतो. तिथे स्पिनलॉक घ्या.

नेहमी चुकणाऱ्या जागा

- ‘एसएनप्रिंटएफ’ परत देतो तो आकडा. त्याने किती लिहिलं हे तो सांगत नाही. जागा असती तर किती लिहिलं असतं, हे सांगतो. लूपमध्ये हा आकडा बेरजेत धरलात, तर बेरीज बफरपेक्षा मोठी होते, उरलेली जागा ऋण निघते आणि चिन्हविरहित प्रकारात ती अवाढव्य दिसते. खरोखर लिहिलेल्या बाइट देणारा ‘एससीएनप्रिंटएफ’ वापरा. एका अक्षराचा फरक आहे.
- ‘कॉपी-टू-युजर’चं उत्तर. कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या येते. शून्य म्हणजे यश. ‘शून्यापेक्षा कमी असेल तर चूक’ ही अट कधीच खरी होणार नाही. शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर ‘ई-फॉल्ट’ द्या.
- मागितलं तेवढं देणं. वाचणाऱ्याने 4096 मागितल्या आणि तुमच्याकडे 100 आहेत, तर 100 द्या. पूर्ण 4096 कॉपी केल्यात तर शेजारची कर्नेल मेमरी बाहेर गळते. ‘सिंपल-रीड-फ्रॉम-बफर’ ही छाटणी आणि ऑफसेटचा हिशेब दोन्ही करतो. स्ट्रक्चर थेट पाठवत असाल, तर ते आधी शून्याने भरा, कारण सदस्यांच्या मधल्या रिकाम्या फटीतूनही जुना डेटा बाहेर जातो.
- ग्रंथालयातलं पुस्तक. ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती उत्तम आहे, पण ती 2005 ची, 2.6.10 कर्नेलवरची आहे. तिच्यातली प्रॉकएफएसची जुनी वाचण्याची पद्धत 3.10 मध्ये कर्नेलमधून काढून टाकली. कल्पना तिथून घ्या, फंक्शनं तुमच्या कर्नेलच्या ‘डॉक्युमेंटेशन’ फोल्डरमधून.

तपासणी: वाचणारा मुद्दाम वाईट करा

आपण चाचणी घेतो ती शहाण्या वाचणाऱ्याची. ‘कॅट’ केलं, आकडे आले, झालं. त्याऐवजी ‘डीडी’ने एकेक बाइट वाचून बघा. वाचता वाचता मध्येच थांबवा, दहा सेकंदांनी पुढे चालू करा. मूल्य जितकं लांब करता येईल तितकं करा. दोन टर्मिनलवरून एकाच वेळी वाचा. गळतीचा आकडा वाढतो का आणि अनुक्रमांकातला खाडा त्याच्याशी जुळतो का, ते पाहा.

हे सगळं क्यूईएमयूमधल्या आभासी मशीनवर करा, रोजच्या लॅपटॉपवर नको. तिथल्या कर्नेलमध्ये ‘केसॅन’ चालू ठेवा. हद्दीबाहेर एक बाइट जरी लिहिली, तरी बहुतेक वेळा ते कुठल्या ओळीवर झालं ते सांगतं. मशीन बरंच मंद होतं आणि मेमरीचा सुमारे आठवा हिस्सा त्याच्या हिशेबात जातो, पण दोन रात्री जागण्यापेक्षा ते परवडतं. ‘फोर्टिफाय-सोर्स’ही चालू करा.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदच्या प्रदर्शनात प्रोजेक्ट मांडायचा विचार असेल, तर डेटा वायफाय किंवा ब्लूटूथवर पाठवणारी रचना ठरवण्याआधी आयोजकांना विचारून घ्या. रेडिओ दुर्बिणीजवळ मोबाइलसुद्धा बंद ठेवायला सांगतात. केबलवर यायचं ठरलं, तर वरचं बॉडचं गणित पुन्हा मांडा.

तुमचे हक्क आणि तुमची हद्द

लिनक्स कर्नेल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. तुम्ही विकत घेतलेल्या राउटरमध्ये किंवा बोर्डात लिनक्स असेल, तर त्यातल्या कर्नेलचा सोर्स मागायचा तुम्हाला हक्क आहे. विकणाऱ्याने तो सोबत द्यावा, नाहीतर निदान तीन वर्षं चालेल असं लेखी आश्वासन द्यावं, असं परवान्यातच लिहिलं आहे. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. बदललेला कर्नेल घातलेला कंट्रोलर शेतकऱ्याला विकलात, तर मागितल्यावर सोर्स द्यावा लागेल.

त्रुटी सापडली तर ती स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या मशीनवरच सिद्ध करा. दुसऱ्याच्या मशीनवर, अगदी कॉलेजच्या सर्व्हरवरही, विनापरवानगी प्रयोग केलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 ची कलम 43 लागतं, आणि हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा असेल तर कलम 66 सुद्धा. कलम 66 ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘फक्त बघत होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

कळवायचं कुठे, हे त्रुटी कोणाच्या कोडमध्ये आहे त्यावर ठरतं. तुमच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये असेल, तर दुरुस्त करा आणि ते ज्यांना दिलं आहे त्यांना सांगा. कर्नेलच्या मूळ कोडमध्ये असेल, तर सोर्ससोबत येणारी ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट त्या फाइलीचे सांभाळणारे कोण ते सांगते. सुरक्षेला धोका वाटत असेल, तर उघड यादीवर टाकण्याआधी कर्नेलच्या सुरक्षा गटाला खाजगी ईमेल करा. पत्ता आणि पद्धत ‘डॉक्युमेंटेशन’मधल्या ‘सिक्युरिटी-बग्ज’ या फाइलीत आहे. एखाद्या कंपनीच्या उपकरणात असेल आणि कंपनी दाद देत नसेल, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनकडे कळवता येतं. पत्रात कर्नेलची नेमकी आवृत्ती, केसॅनचा पूर्ण अहवाल आणि त्रुटी पुन्हा घडवून दाखवणारा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम द्या. मजकूर साधा ठेवा, स्क्रीनशॉट नकोत. त्यातला मेमरीचा पत्ता कोणाला कॉपी करता येत नाही.